मीटरमध्ये मोजलेली वर्षं : नर्मदाकाठचे पाच दिवस

नर्मदा महाराष्ट्राला लागते का, असं नववीच्या वर्गात विचारलं की निम्मा वर्ग 'नाही' म्हणतो. लागते. नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांच्या डोंगरांना घासून ती पश्चिमेला सरकते. पलीकडच्या काठावर आधी मध्य प्रदेश आणि पुढे गुजरात. खरं तर आता तिथे ती वाहत नाही, साठते. सरदार सरोवर धरणाच्या फुगवट्यात, म्हणजे भिंतीमागे साठणाऱ्या पाण्यात, महाराष्ट्राची ३३ गावं आली. मी बावीस वर्षं भूगोल शिकवते. 'बहुउद्देशीय प्रकल्प' या मथळ्याखाली धरणाची उंची, १,४५० मेगावॉट वीज आणि राज्यांचे वाटे पाठ करून घेते. त्या ३३ गावांपैकी एकही मी पाहिलेलं नव्हतं, आणि हे गेली काही वर्षं मनाला लागून राहिलं होतं.

भाचा विद्युत अभियंता आहे. त्याला बिलगाव बघायचं होतं, का ते पुढे येईलच. होळीच्या आधीचा आठवडा आम्ही मुद्दाम निवडला.

दिवस पहिला : नंदुरबार, तळोदा

पुण्याहून रात्रभराची बस. सकाळी नंदुरबारला उतरलो तो पहिल्याच श्वासाला मिरचीचा ठसका. गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या, नजर पोहोचेल तिथवर लाल. बायका तोंडाला फडकी बांधून मिरची वर-खाली करत होत्या. चहा पिऊन गाडी ठरवली आणि हातोड्याच्या पुलावरून तापी ओलांडून तळोद्याकडे निघालो. दोन्ही बाजूंना ऊस, केळी, पपई. समोर सातपुड्याची निळसर भिंत.

तळोदा तालुक्यात धरणग्रस्तांच्या वसाहती आहेत. सोमावल, रोझवा, रेवानगर, नर्मदानगर अशी नावं आहेत. त्यांतल्या एकीत ओळखीतून जेवणाचं आमंत्रण होतं. वसाहत म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येतं तसंच होतं: सरळ गल्ल्या, विजेचे खांब, शाळा, हातपंप. पण दोन दिवसांनी डोंगरातली मूळ गावं पाहिली तेव्हा कळलं, की या सरळ गल्ल्याच इथल्या लोकांना किती परक्या असतील. पावरा-भिल आदिवासींचं घर टेकडीवर एकटं असतं, सभोवती स्वतःचं शेत, शेजारी हाकेच्या अंतरावर. इथे भिंतीला भिंत.

घरच्या आजी खाटेवर बसून लसूण सोलत होत्या. त्यांची पावरी मला कळेना, माझी मराठी त्यांना अर्धी कळायची. नात मध्ये बसून सांगत होती. "आजी, इथे केव्हा आलात?" असं विचारलं तर आजींनी बोटांवर हिशेब केला आणि म्हणाल्या, "ऐंशी मीटरला."

मला वाटलं, नातीचं काहीतरी चुकतंय. नाही चुकलं. पुढचे चार दिवस मी हेच ऐकत होते. ऐंशी मीटरला आलो. नव्वद मीटरला लग्न झालं. एकशेदहाला घर गेलं. धरणाची भिंत १९९५ साली ८० मीटरच्या आसपास असताना सर्वोच्च न्यायालयाने काम थांबवलं. २००० च्या निकालानंतर ती ९० झाली, २००४ मध्ये ११० च्या पुढे, २००६ मध्ये १२१.९२, आणि दरवाजे लागून शेवटी १३८.६८. आम्ही साल सांगतो तसं खोऱ्यातली माणसं मीटर सांगतात.

आजींच्या कुटुंबाला जमीन मिळाली. नर्मदा जलविवाद लवादाचा १९७९ चा निवाडा आहे : जमिनीच्या बदल्यात जमीन, किमान दोन हेक्टर, सज्ञान मुलगा म्हणजे वेगळं कुटुंब, आणि हे सगळं पाणी येण्याच्या किमान एक वर्ष आधी. कागदावर हे कलम देशातल्या तोवरच्या कुठल्याही धरणापेक्षा चांगलं होतं. ते कागदावरून जमिनीवर उतरावं म्हणूनच तर पुढची पस्तीस-चाळीस वर्षं गेली. आणि जमीन आली कुठून? तळोद्याचं जंगल कापून, दोन टप्प्यांत सुमारे ४,२०० हेक्टर. त्या जंगलात आधीपासून कसणारे इथले आदिवासी होतेच. एका विस्थापिताला बसवायला दुसऱ्याला उठवायचं, त्यावरून गावागावांत जे झालं ते आजी सांगता सांगता थांबल्या आणि परत लसूण सोलू लागल्या.

जेवायला ज्वारीची भाकरी, उडदाची डाळ आणि लसूण-मिरचीचा ठेचा. डाळीत आंबटपणा होता तो धडगावच्या आमचुराचा. "आमचूर अजून तिकडूनच आणतो," नात म्हणाली. "इथे आंबा लावलाय, पण आजी म्हणते तो गोड आहे, कामाचा नाही."

दिवस दुसरा : चांदसैली घाट, धडगाव

तळोद्याहून धडगावला चांदसैली घाटातून दोन तास लागतात. घाट अरुंद आहे, वळणं अवघड आहेत. पावसाळ्यात दरडी कोसळून तो बंद पडतो, तेव्हा जूनपासून ऑक्टोबरपर्यंत जाणाऱ्यांनी आधी धडगावात फोन करून विचारावं. आम्हाला मार्चचं कोरडं ऊन मिळालं आणि पळस. पानं झडलेल्या उतारावर पेटल्यासारखा पळस, मध्ये मोहाची झाडं, त्यांच्याखाली झाडून स्वच्छ केलेली जमीन. मोहाची फुलं पहाटे गळतात, ती वेचायला सोपं जावं म्हणून ही झाडलोट. ड्रायव्हरदादांनी एका वळणावर गाडी थांबवून मूठभर फुलं हातावर ठेवली. पिठूळ गोड, मागून एक उग्र वास. मला आवडली, भाच्याने एक खाऊन बाकीची परत केली.

धडगाव म्हणजे अक्राणी तालुक्याचं ठाणं. त्या दिवशी भोंगऱ्या होता. होळीआधीच्या आठवडी बाजाराला इथे भोंगऱ्या म्हणतात. डोंगर उतरून माणसं यावीत तरी किती! चांदीचे जाडजूड दागिने घातलेल्या बाया, मोठाले ढोल, बासऱ्या, साखरेचे हार-कंगन, गूळ-डाळ्यांचे ढीग, कढईतून निघणारी भजी. होळीचं सगळं सामान आजच घ्यायचं. एक गोष्ट इथे लिहायलाच हवी. भोंगऱ्या म्हणजे आदिवासींचं स्वयंवर, पान खाल्लं की मुलगी पळवली, असं दरवर्षी कुठे ना कुठे छापून येतं. धडगावातल्या एका शिक्षकांनी हात जोडून सांगितलं, "मॅडम, तेवढं लिहू नका. हा बाजार आहे. आमच्या बहिणी इथे खरेदीला येतात." फोटो काढायचे असतील तर आधी विचारा, आणि नाही म्हटलं तर कॅमेरा पिशवीत ठेवा.

याच बाजारात पहिल्यांदा 'जिंदाबाद' ऐकलं. एक म्हातारे गृहस्थ आमच्या यजमानांना भेटले, हात वर केला, म्हणाले, "जिंदाबाद." यजमानांनीही "जिंदाबाद" म्हणून हात हातात घेतला आणि मग दोघं बैलाच्या किमतीवर बोलू लागले. नमस्कार, रामराम, तसं जिंदाबाद. १९८५ मध्ये मेधा पाटकर खोऱ्यात आल्या, पायी गावोगाव फिरल्या. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रात नर्मदा धरणग्रस्त समिती उभी राहिली आणि पुढे तिन्ही राज्यांतले लोक मिळून नर्मदा बचाओ आंदोलन झालं. घोषणा देता देता शब्द घराघरात गेला आणि तिथेच राहिला.

त्या म्हाताऱ्यांना मी विचारलं, सुरुवातीला तुमची मागणी काय होती? ते म्हणाले, "मागणी कसली? आम्ही विचारत होतो. कोणतं गाव बुडणार, कधी बुडणार, आम्ही कुठे जायचं? कुणाला ठाऊक नव्हतं. मोजणीवाले यायचे, दगड पुरून जायचे." दगड कशासाठी हे न सांगता पुरले जात होते, म्हणून लोकांनी मोजणी अडवली. १९ नोव्हेंबर १९९३ ला याच तालुक्यातल्या चिंचखेडीत मोजणीला विरोध करणाऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि रेहमल पुन्या वसावे हा कोवळा पोरगा गेला. बाजाराच्या गलक्यात म्हाताऱ्यांनी त्याचं नाव पूर्ण घेतलं, बापाच्या नावासकट. त्याच्यासमोर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

धडगावात मोजकी लॉज आहेत. भोंगऱ्याच्या दिवशी ती भरतात, आधी सांगून ठेवा. रोख पैसे इथूनच घेऊन निघा, पेट्रोलही. पुढे नदीकाठी फोनला रेंज मिळेल ती एखाद्या ठरावीक टेकडीवर, आणि ती टेकडी कोणती हे गावातलं पोरसुद्धा सांगतं.

दिवस तिसरा : बिलगाव

भाच्याचा दिवस.

बिलगाव उदई नदीवर आहे, पुढे थोड्याच अंतरावर उदई नर्मदेला मिळते. धबधबा आहे, पावसाळ्यात तो बघायला लोक येतात. मार्चमध्ये बारीक धारा होत्या. आम्ही आलो होतो ते धबधब्याच्या जोरावर कधीकाळी पेटलेल्या दिव्यांसाठी.

तेव्हा या भागात वीज नव्हती. देशातल्या सगळ्यांत मोठ्या जलविद्युत प्रकल्पांपैकी एकासाठी ज्यांची घरं जाणार होती, त्यांच्या घरात एक बल्ब नव्हता. केरळातल्या 'पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी'चे तरुण अभियंते इथे आले. गावाने श्रमदान केलं : दगड वाहिले, छोटा बंधारा घातला, कालवा खणला. जानेवारी २००३ मध्ये १५ किलोवॉटचं जनित्र सुरू झालं आणि गावातल्या पाड्यांवरची सुमारे १८० घरं उजळली. आंदोलनाने काढलेल्या जीवनशाळेतही दिवे लागले.

"पंधरा किलोवॉट म्हणजे किती रे?" मी विचारलं.

"मावशी, आपल्या सोसायटीच्या दोन लिफ्टच्या मोटारी," तो म्हणाला. "एका घराला ऐंशी वॉटच्या आसपास. दोन-तीन बल्ब, एखादा रेडिओ. पण विचार कर, इंधन नाही, धूर नाही, कुणाचं शेत बुडालं नाही. वीज कमी पडली तर कुणाचा दिवा आधी विझवायचा हे गावच ठरवणार." तो कॉलेजात असताना हे वाचून तासभर गप्प बसला होता म्हणे.

२००६ च्या पावसाळ्यात धरणाची भिंत वाढलेली होती. फुगवटा उदईतून आत शिरला आणि बिलगावची वीज पाण्याखाली गेली. साडेतीन वर्षं चाललेले दिवे.

गावातल्या एका काकांनी बंधाऱ्याला दगड वाहिले होते. ते आम्हाला काठावर घेऊन गेले आणि एका वळणाकडे बोट केलं. गढूळ पाणी, काठाला गाळ, वाळकी झुडपं. भाचा बराच वेळ उभा राहिला. मग त्याने काकांना पाइपचा व्यास विचारला, उतार विचारला, बंधाऱ्याची लांबी विचारली. काकांनी हात पसरून, पावलं टाकून सगळं दाखवलं. पाईप इतका. घर तिथे. मशीनचा आवाज असा. मुंबईत मोठ्या कंपनीत काम करणारा माझा भाचा चिखलात बसून वहीत आकृती काढत होता आणि काका त्याच्या खांद्यावरून वाकून ती दुरुस्त करत होते.

धरणविरोधक म्हणजे विजेचे विरोधक, हे मी शिक्षकांच्या खोलीत कितीदा ऐकलंय. एकदा मीही मान हलवली होती. ती मान मी इथे परत घेते.

दुपारनंतर ढग आले. साडेचारला गारा. अवकाळी, पाऊण तास नुसती झोडपणी. कौलांवर असा आवाज की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येईना. घरातली सगळी माणसं दारात उभी राहून आंब्याच्या झाडांकडे बघत होती. मोहोर आणि बारीक कैऱ्या खाली पडत होत्या. एप्रिल-मे मध्ये कैऱ्या सोलून, कापून, उतारावर वाळवून इथलं आमचूर होतं. तो इथल्या घरांचा नगदी पैसा आहे. पाऊस थांबल्यावर काकूंनी अंगणातल्या पडक्या कैऱ्या सुपात भरल्या, वाटाण्याएवढ्या. फेकल्या नाहीत. रात्री त्यांचीच चटणी झाली, नागलीच्या भाकरीबरोबर. भिंतीवर सौर दिवा होता, नऊपर्यंत चालला.

दिवस चौथा : बोटीने, निमगव्हाणकडे

सकाळी धुकं. बोटीची व्यवस्था काकांच्या भाच्याने केली होती, डिझेलची लाकडी बोट. बोटीत बसण्याआधी एक सूचना : लाइफ जॅकेट मागा, आणि नसतील तर बसू नका. २०१९ च्या संक्रांतीला भुषा इथे गर्दीने भरलेली बोट उलटली, त्यात लहान मुलं गेली. इथे रस्ता नसेल तिथे बोट हीच एसटी. दवाखानासुद्धा बोटीवरचा आहे, 'तरंगता दवाखाना' म्हणतात त्याला. बोटीला उशीर झाला म्हणून चिडू नका, कदाचित कुणा बाळंतिणीला सोडून येत असेल.

उदईतून नर्मदेत शिरलो तेव्हा धुकं उचललं. मी काहीतरी नदीसारखं बघायची अपेक्षा करत होते. समोर तळं होतं. थांबलेलं, हिरवट, दोन्ही बाजूंना डोंगर सरळ पाण्यात उतरलेले. पाणी उतरतीला लागलेलं असल्याने काठाला सगळीकडे राखाडी पट्टा, त्यात मेलेल्या झाडांचे खुंट. सुंदर आहे, हे मी नाकारणार नाही. पुणेकरांना असं सौंदर्य ओळखीचं आहे. ताम्हिणीला जाताना मुळशीचं पाणी लागतं तिथे आपण गाडी थांबवून फोटो काढतो. त्या पाण्याखालच्या गावांसाठी १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीला, मावळ्यांनी 'जान किंवा जमीन' म्हणत सत्याग्रह सुरू केला होता. सेनापती बापटांना 'सेनापती' ही पदवी मिळाली ती त्याच लढ्यात. तिथली वीज मुंबईला गेली. शंभर वर्षांत आपण मुळशीतून काही शिकलो असतो तर लवादाचा निवाडा जमिनीवर उतरायची एवढी वाट बघावी लागली नसती.

बोट चालवणारे दादा चाळिशीचे होते. बोटीतून ते पाण्याखालचं गाव दाखवत होते. "इथे कारभाऱ्याचं घर. इथे गुरं पाणी प्यायची. इथे आमचा आंबा." आंबा कुठे, म्हटलं. "खाली. एकशेसव्वीसच्या खाली पाणी गेलं की खोड दिसतं. वठलाय, पण उभा आहे. आई त्याचंच आमचूर करायची, दोन पोती निघायचं." त्यांच्या घराला जमीन मिळाली का? वडिलांना मिळाली. दादांना नाही. ते 'अघोषित' आहेत. हा शब्द इथे शिव्यांसारखा वापरतात. अक्राणीतली बरीच गावं वनखात्याच्या दप्तरी होती, कसणाऱ्यांच्या नावावर सातबारा नव्हता. दप्तरात अतिक्रमणदार, म्हणून बुडिताच्या यादीत नाव उशिरा आलं किंवा आलंच नाही. दुसरा शब्द 'टापू'. जमीन बुडाली नाही, पण चारी बाजूंनी पाणी आलं, तर ते टापू. बुडालेल्याची नोंद तरी होते. टापूवाल्याला सिद्ध करावं लागतं की तिथे बैल नेता येत नाही.

कच्छ-सौराष्ट्राला पाणी पोहोचलं, हे मी दादांजवळ काढलं. वर्गात मुलं विचारतात, म्हणून. ते म्हणाले, "गेलं ना, चांगलं झालं. पाण्याला कोण नाही म्हणतं? आमचं एकच, आधी आमची जमीन दाखवा, मग पाणी चढवा. तुमच्याच कायद्यात लिहिलंय."

डोमखेडी आणि निमगव्हाणचा पट्टा आला. पलीकडे मध्य प्रदेशातलं जलसिंधी. १९९९ च्या पावसाळ्यात डोमखेडीत सत्याग्रह झाला. 'डूबेंगे पर हटेंगे नहीं' म्हणत माणसं झोपडीत उभी राहिली, पाणी छातीपर्यंत, गळ्यापर्यंत आलं, पोलिसांनी बाहेर काढेपर्यंत. दादा तेव्हा शाळकरी होते. त्यांना आठवतं ते असं : थंडी खूप वाजत होती आणि मेधाताई मुलांना गाणी म्हणायला लावत होत्या. पुढच्या वर्षी, १८ ऑक्टोबर २००० ला, सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने धरणाला परवानगी दिली. तिघांपैकी न्यायमूर्ती भरुचांचं मत वेगळं पडलं. दादांना ते नाव पाठ होतं. मला सत्तावीस टक्के पाठ होतं, महाराष्ट्राचा विजेतला वाटा. मध्य प्रदेश ५७, गुजरात १६.

जीवनशाळेत दुपारी पोहोचलो. शाळेचं नाव लिहीत नाही, मुलं लहान आहेत. आंदोलनाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला चिमलखेडी आणि निमगव्हाणला पहिल्या जीवनशाळा काढल्या. तेव्हा सरकारी शाळा कागदावर होत्या, गुरुजी डोंगराखाली राहत. 'लड़ाई-पढ़ाई साथ-साथ' हे इथलं ब्रीद. कुडाच्या भिंती, कौलं, मुलं तिथेच राहतात. पहिलीची मुलं पावरीत शिकतात, मराठी हळूहळू येते. गुरुजी स्वतः जीवनशाळेत शिकलेले. मी त्यांना शिक्षक म्हणून अनेक प्रश्न विचारले आणि त्यांनी वही काढून माझ्याकडून नकाशावाचनाचे दोन खेळ लिहून घेतले. तो तास मला या प्रवासात सर्वांत जास्त आवडला.

भिंतीवर मोठा नकाशा होता, मुलांनी काढलेला. गावाचा नकाशा, पण बुडालेल्या. ही मुलं जन्मली तेव्हा ते गाव पाण्याखाली होतं. आजी-आजोबांना विचारून त्यांनी एकेक शेत, एकेक झाड, ओढा, देवाची जागा काढली होती. शेतांना नावं होती. आणि त्यावर निळ्या खडूच्या रेषा, एकीवर एक : ८०, ९०, ११०, १२१, १३८. भूगोलाच्या पुस्तकात समोच्च रेषा शिकवताना मी आजवर डोंगराचं चित्र वापरत आले. सर्वांत वरच्या निळ्या रेषेच्या बाहेर शाळा होती आणि सात घरं.

१५ सप्टेंबर २०१९ ला जलाशय पहिल्यांदा पूर्ण भरला. त्या दिवसाबद्दल मुलांना विचारू नका, असं गुरुजींनी आधीच सांगितलं होतं. मी विचारलं नाही. आम्ही झाडाखाली बसून खिचडी खाल्ली. मोठ्या मुलांपैकी एकाने होळीची पालनी, म्हणजे व्रत, धरली होती, तो खाटेवर बसत नव्हता, जमिनीवरच. होळीला तो बुध्या होऊन नाचणार होता, अंगावर राखेची नक्षी, कमरेला भोपळे. सगळ्या शाळेला त्याचा हेवा वाटत होता.

भेट द्यायला जाणाऱ्यांसाठी : आधी कळवा, परीक्षेच्या दिवसांत जाऊ नका, चॉकलेटं वाटू नका. कोऱ्या वह्या, रंगीत खडू, चांगले नकाशे घेऊन जा.

निघताना बोटवाल्या दादांनी माझा नंबर घेतला. "उद्या धरणावर जाणार ना? तिथे पातळी लिहिलेली असते. किती आहे ते कळवा."

दिवस पाचवा : मोलगी, देवगोई, केवडिया

मोलगीला थांबून भगर घेतली, डोंगरातली, आपल्याकडच्या पाकिटातल्यापेक्षा बारीक आणि चवीला दाट. देवगोई घाट उतरून अक्कलकुवा, तिथून गुजरात. रस्ता एकाएकी गुळगुळीत झाला.

केवडियाला आता एकतानगर म्हणतात. ५ एप्रिल १९६१ ला पंडित नेहरूंनी इथे पायाभरणी केली. धरणाच्या कर्मचाऱ्यांच्या वसाहतीसाठी केवडिया, कोठी, गोरा, लिमडी, नवागाम, वाघडिया या सहा गावांची जमीन तेव्हाच गेली. म्हणजे विस्थापन पाण्याआधी सुरू झालं. १८२ मीटरचा पुतळा, बागा, रंगीत दिवे, हजारो माणसं सहलीला आलेली. सोमवारी सगळं बंद असतं, ते बघून जा. गोऱ्यात शूलपाणेश्वराचं नवं मंदिर आहे. जुनं महाराष्ट्राच्या काठावर मणिबेलीत होतं, ते पाण्यात गेलं.

मणिबेली या भिंतीच्या मागेच आहे, पण इथून दिसत नाही. आमच्या राज्यातलं पहिलं गाव बुडालं ते हेच. जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं होतं. मणिबेलीत आणि खोऱ्यात जे चाललं होतं त्याने बँकेला स्वतःच स्वतंत्र चौकशी नेमावी लागली. ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या समितीचा अहवाल १९९२ च्या जूनमध्ये आला, पुनर्वसन आणि पर्यावरण दोन्हींत प्रकल्प सदोष असल्याचं तिने स्पष्ट लिहिलं. १९९३ च्या मार्चमध्ये बँक बाहेर पडली. पुढच्या वर्षी जगभरच्या संघटनांनी मोठ्या धरणांना बँकेने पैसा देऊ नये असं निवेदन काढलं. त्याचं नाव मणिबेली जाहीरनामा. अक्कलकुवा तालुक्यातल्या एका आदिवासी गावाचं नाव वॉशिंग्टनमध्ये पोहोचलं ते असं. दर्शनगॅलरीतला माहिती देणारा तरुण घनमीटर आणि मेगावॉट छान सांगत होता. मी त्याला मणिबेली कोणत्या बाजूला, असं विचारलं. त्याने नाव ऐकलं नव्हतं. मी दिशा दाखवली, आणि तो खरंच वळून बघू लागला.

पातळी फलकावर होती. १२६.१०. मी दादांना लिहून पाठवलं. उत्तर नाही, तिथे रेंज कुठली.

पुण्याला पोहोचल्यावर तिसऱ्या दिवशी दुपारी, होळी झाल्यावर, त्यांचा आवाजी निरोप आला. मागे वारा होता, म्हणजे टेकडीवर चढलेले. "जिंदाबाद ताई. तुमचा आकडा बरोबर होता. आज आणखी उतरलंय, आंब्याचं खोड दिसतंय. आईला बोटीने नेऊन दाखवून आणलं."